पियानोच्या पांढऱ्या कीजवर नेमकं काय चिकटवलेलं असतं?

जुन्या पियानोच्या पांढऱ्या कीजना नवं कव्हर, म्हणजे लाकडावर चिकटवलेली वरची पातळ पट्टी, लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो गोंद कुठला वापरायचा, पण त्याआधी जुनं कव्हर कशाचं आहे ते बघायला हवं, कारण तिथे गफलत झाली तर थेट आग लागू शकते.

एकोणिसाव्या शतकात कव्हर म्हणजे हस्तिदंत. अमेरिकेतला मोठा धंदा कनेक्टिकटमधल्या डीप रिव्हर आणि आयव्हरीटन या शेजारच्या गावांत होता, माल बराचसा पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटावरून यायचा आणि किनाऱ्यापर्यंत तो वाहून आणणाऱ्यांत गुलाम केलेली माणसंही असायची, हा भाग पियानोवाल्यांच्या गप्पांत फारसा निघत नाही, तो निघायला हवा. तिथे दाताचे पातळ पापुद्रे कापून काचेच्या छपराखाली उन्हात पांढरे करायचे. एका कीवर दोन तुकडे, पुढे रुंद आणि मागे काळ्या कीजच्या मधून जाणारी अरुंद शेपटी, आणि जोडावर आडवी बारीक रेघ. ही रेघ आणि आतले दाणेदार रेषांचे नमुने दिसले तर बहुतेक हस्तिदंतच.

मग आलं सेल्युलॉइड. बिलियर्डच्या बॉलला हस्तिदंताचा पर्याय शोधणाऱ्याला १८६३ मध्ये १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं, त्या खटपटीतून जॉन वेस्ली हायटने १८७० च्या सुमारास हे बनवलं, आणि पुढे ते कीजवरही आलं. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, म्हणजे पेटायला एकदम तयार. हस्तिदंत काढताना ओलं फडकं आणि गरम इस्त्री चालते, सेल्युलॉइडवर तीच इस्त्री किंवा तापलेली सुई टेकवून बघणं म्हणजे जिवाशी खेळ, मशीनने घासलं तरी घर्षणाच्या उष्णतेने भडकू शकतं. युरोपात दुधातल्या केसीनपासून बनलेलं गॅलालिथही वापरलं गेलं, ते पाण्याने फुगतं.

आफ्रिकन हत्तीच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आली, भारतात तर १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकन दाताचा धंदाही बंद झाला, त्यामुळे जुने सुटे तुकडे कोणी विकायला आणले तरी घेऊ नका. आज बहुतेक जण ॲक्रिलिक लावतात आणि तेच योग्य आहे. फक्त ते हस्तिदंतापेक्षा जाड असतं, म्हणून लाकूड तेवढं खरवडून घ्यावं लागतं नाहीतर काळ्या कीज बसक्या वाटतात, आणि ते काम मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून करा, चिकटवायच्या कॉन्टॅक्ट सिमेंट या गोंदाची वाफ डोक्यात जाते आणि ती पेटतेही.