उरलेल्या अन्नापासून पोषणाच्या पिशवीपर्यंत : अन्नपेढ्यांची पार्श्वभूमी, बडोद्यातून पाहताना

अन्नपेढी, म्हणजे वाया जाणारे किंवा देणगीत आलेले अन्न साठवून गरजूंपर्यंत पोचवणारी संस्था, सुरू झाली तेव्हा तिच्यासमोरचा प्रश्न आरोग्याचा नव्हता. दुकानांत पडून राहणाऱ्या आणि शेवटी उकिरड्यावर जाणाऱ्या चांगल्या मालाचे काय करायचे, एवढाच होता. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहरात, जॉन व्हॅन हेंगेल या निवृत्त गृहस्थांनी १९६७ साली सेंट मेरीज ही पहिली अन्नपेढी उभी केली. जागा होती चर्चने दिलेली एक जुनी बेकरी. पहिल्याच वर्षी तेथून सुमारे सव्वा लाख किलो अन्न छत्तीस संस्थांकडे गेले. त्या काळी हिशेब वजनाचा होता, आणि पुढची काही दशके तो तसाच राहिला. किती किलो आले, किती किलो गेले, याच्या नोंदी चोख असत; पण त्या पिशवीत मीठ किती, साखर किती, डाळ किती, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

त्याचे परिणाम हळूहळू दिसू लागले. देणगीत येणारा माल म्हणजे बहुधा डबाबंद पदार्थ, गोड पेये, बिस्किटे, केक. आणि तो नेणाऱ्या कुटुंबांत मधुमेह व रक्तदाब यांचे प्रमाण मोठे. म्हणून २०११ ते २०१४ या काळात अमेरिकेतील तीन राज्यांतल्या तीन अन्नपेढ्यांनी मधुमेहींसाठी वेगळी शिधापिशवी, रक्तातील साखरेची तपासणी आणि आहाराविषयी मार्गदर्शन असा एकत्रित प्रयोग केला. त्यात रक्तातील तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंक (एचबीए१सी) ८.११ टक्क्यांवरून ७.९६ टक्क्यांवर आला. घट लहान होती, तरी उत्साह मोठा होता. मात्र पुढे तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, तेव्हा लोक भाज्या-फळे अधिक खाऊ लागल्याचे आणि घरातील अन्नटंचाई कमी झाल्याचे आढळले, पण साखरेच्या अंकात दोन गटांमध्ये लक्षणीय फरक सापडला नाही. प्रस्तुत लेखकाला हा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो, कारण पिशवी सुधारली म्हणजे आजार सुधारलाच, असे गृहीत धरता येत नाही, हे त्यातून कळते. २०२० मध्ये तेथील अन्नपेढ्यांसाठी पोषणाचे निकष ठरले आणि मिठा-साखरेच्या प्रमाणावरून मालाचे ‘वारंवार’, ‘कधीतरी’ आणि ‘क्वचित’ असे तीन वर्ग पडले.

बडोद्यात हा क्रम नेमका उलटा आहे. येथे पोषणाचा विचार आधी आला, उरलेल्या अन्नाची व्यवस्था फार नंतर. छप्पनिया दुष्काळाने, म्हणजे विक्रम संवत १९५६ अर्थात १८९९-१९०० च्या दुष्काळाने, बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या चोवीस लाखांहून १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आणली. सयाजीराव महाराजांनी दुष्काळी मुलखाचा स्वतः दौरा केला आणि मदतीची कामे काढली. तरीही अर्धपोटी शरीरे पटकी आणि हिवतापापुढे टिकली नाहीत. भूक आणि रोग यांना वेगळे मोजता येत नाही, हे या भागाने तेव्हाच भोगले होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू होत्या आणि गृहविज्ञान ही तेथील अगदी सुरुवातीच्या विद्याशाखांपैकी एक. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील मराठी घरांत लेकीसुनांनी गृहविज्ञान शिकणे म्हणजे स्वयंपाक आणि शिवण शिकणे, अशी समजूत बराच काळ होती. प्रत्यक्षात या शाखेतील अन्न व पोषण विभाग गुजरातेतील शालेय आहारावर संशोधन करत होता. राज्यात मध्यान्ह भोजन १९८४ मध्ये सुरू झाले. नव्वदीच्या दशकात त्या जेवणाला जंतनाशक गोळी, लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्व यांची जोड देण्यात आली, आणि त्याचा मुलांवर काय परिणाम होतो हे मोजण्याच्या कामात याच विभागाच्या तारा गोपालदास अग्रभागी होत्या. तर्क साधा होता : पोटात जंत असतील तर ताटातले लोह अंगी लागत नाही, म्हणून ताट भरण्याबरोबर जंतही काढले पाहिजेत. त्याआधी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना तेहतीस ठिकाणी सुरू झाली, तेव्हा गुजरातेतील पहिली जागा होती छोटा उदेपूर. हा आदिवासी भाग २०१३ पर्यंत बडोदे जिल्ह्यातच होता.

उरलेले अन्न गोळा करून वाटणाऱ्या स्वयंसेवी गटांची लाट देशात साधारण २०१४ नंतर आली, आणि अशा वाटपासाठी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) नियम २०१९ मध्ये झाले. त्यांचा भर अन्न सुरक्षित राहावे यावर आहे, आणि ते योग्यच आहे, कारण शिजवलेल्या अन्नाला वेळेची मर्यादा कडक असते. पण मंगल कार्यालयात रात्री अकराला शेवटची पंगत उठल्यावर काय उरते, ते पाहावे. पुऱ्या उरतात, बटाट्याची रस्सा भाजी उरते, मसालेभात, जिलबी आणि मोहनथाळ उरतो. कोशिंबीर आणि पालेभाजी तोवर संपलेली असते किंवा टाकून दिलेली असते. या अन्नाने एका रात्रीची भूक भागते, आणि ती भागणे क्षुल्लक नाही. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गुजरातेतील पाच वर्षांखालील ७९.७ टक्के बालकांत आणि १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांत रक्तक्षय (ॲनिमिया) आढळला; बहुधा लोहाच्या कमतरतेतून येणारा हा विकार पुरी-जिलबीने हटणारा नाही. रेशनच्या माणशी पाच किलो धान्यानेही तो एकट्याने हटत नाही, कारण तो शिधा मुख्यतः गहू-तांदळाचा असतो. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोह कमी शोषले जाते आणि लिंबू पिळल्यास अधिक, एवढी माहितीसुद्धा पिशवीबरोबर द्यावी लागते.

पिशवीत नेमके काय असावे, याचा आपल्याकडचा सर्वांत ठोस पुरावा झारखंडमधून आला. २०१९ ते २०२२ दरम्यान तेथे क्षयरुग्णांच्या दहा हजारांहून अधिक घरच्या माणसांची पाहणी झाली. ज्या घरांतील प्रत्येक माणसाला दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या, म्हणजे जीवनसत्त्वे व खनिजांच्या, गोळ्या मिळाल्या, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण इतर घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी राहिले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, सप्टेंबर २०२२ पासून, केंद्राच्या निक्षय मित्र योजनेत कोणतीही व्यक्ती, मंडळ किंवा संस्था क्षयरुग्णाच्या शिध्याची जबाबदारी घेऊ शकते. प्रौढ रुग्णासाठी सुचवलेली मासिक पिशवी अशी आहे : तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि एक किलो दूधभुकटी किंवा तेवढेच शेंगदाणे. यातला एकही जिन्नस रात्री अकराच्या पंगतीतून उरत नाही. तो बाजारातून दर महिन्याला विकत आणावा लागतो, आणि एखाद्या मंडळाने वर्गणीतून रुग्ण दत्तक घ्यायचा ठरवला, तर तो खर्च निदान सहा महिने चालू राहील अशी तजवीज आधी करावी लागते.