शंखाचा हात, दोराचा पीळ

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला गेलो आणि शंखापाशी अडकलो. विक्रेता सांगत होता, हा दक्षिणावर्ती, तिजोरीत ठेवा, लक्ष्मी हलायची नाही. किंमत ऐकल्यावर लक्ष्मी कोणाकडे मुक्कामाला आहे ते कळलं. आपल्या समुद्रातला पूजेचा शंख सहसा एकाच बाजूला वळतो. उलटा क्वचित सापडतो, म्हणून त्याचं मोल. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर शंखाची एक जात मुळातच उलटी वळते, आणि तिचेच शंख इकडे दक्षिणावर्ती म्हणून खपवले जातात. त्यात चमत्कार कसला?

खरी गंमत त्या वळणात आहे. डावी चप्पल कितीही फिरवली तरी उजव्या पायाची होत नाही. आरशातल्या प्रतिमेशी असा मेळ न बसणाऱ्या वस्तूला ‘कायरल’ म्हणतात. लॉर्ड केल्विन यांनी हा शब्द हाताच्या ग्रीक नावावरून घडवला. अलीकडे असे डावे-उजवे स्फटिक अर्धवाहकांचे (सेमीकंडक्टरचे, म्हणजे चिपमध्ये वापरतात तशा पदार्थांचे) बनवता येतात, तेही ज्या पदार्थांचे अणू सपाट थरांत बसतात त्यांचे. आता सपाट थरांच्या चवडीला पीळ येतो कुठून?

आपले खापरावरचे मांडे घ्या. एकावर एक रचा. प्रत्येकाला कडेपासून मध्यापर्यंत चीर द्या आणि चिरेचा एक काठ वरच्या मांड्याच्या दुसऱ्या काठाला जोडा. आता वेगवेगळे मांडे उरलेच नाहीत. गोल जिन्यासारखा एकच मांडा वर चढत गेला. स्फटिकातल्या अशा दोषाला मळसूत्री विस्थापन म्हणतात. दोष म्हटलं की आपल्याला वाटतं माल बिघडला. इथे उलटं आहे. सपाट पृष्ठावर नवा थर सुरू करणं अणूंना जड जातं, कारण टेकायला कड नसते. जिन्याची पायरी मात्र कधी संपतच नाही. अणू येतात, पायरीला चिकटतात, पायरी फिरत फिरत वर सरकते. हे भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक यांनी १९४९ मध्ये मांडलं.

पुढे १९५३ मध्ये एशेल्बी या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की बारीक कांडीच्या मध्यातून असं विस्थापन गेलं तर त्याच्या ताणाने अख्खी कांडीच पिळली जाते. पीळ किती? पायरीची उंची भागिले कांडीच्या छेदाचं क्षेत्रफळ. म्हणजे त्रिज्या निम्मी केली की पीळ चौपट! पायरी १ नॅनोमीटर आणि त्रिज्या २५ नॅनोमीटर धरून मी हिशेब केला: साधारण १२ मायक्रोमीटर लांबीत एक पूर्ण वेढा. केसाच्या जाडीएवढ्या लांबीत असे पाच-सहा वेढे बसतील. जाड स्फटिकात हाच पीळ इतका मंद असतो की दिसतच नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी जर्मेनियम सल्फाइडच्या अशा तारा वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. वाफ सोन्याच्या सूक्ष्म थेंबात शिरते आणि थेंबाखाली थर साचत तार वाढते. थर तारेला आडवे, मधोमध विस्थापन, त्यामुळे प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित फिरलेला. अर्धवाहकाचे इलेक्ट्रॉन कसे वागतात ते थरांमधल्या कोनावर अवलंबून असतं. इथे तो कोन तारेची जाडी ठरवते. शिवाय कायरल पदार्थ डावीकडे आणि उजवीकडे फिरत जाणाऱ्या प्रकाशाला वेगवेगळी वागणूक देऊ शकतो. लगेच ‘उद्याचा मोबाइल यातूनच’ म्हणायला धावू नका, ही अजून प्रयोगशाळेतली गोष्ट आहे.

अडचण हाताचीच आहे, म्हणजे पीळ डावा की उजवा याची. पोळ्याआधी अंबाडीचा दोर वळताना मामा लडी एका अंगाला पिळायचा आणि तिन्ही लडी एकत्र करताना उलट अंगाला. “पीळ चुकना तर दोर उकली जास,” म्हणायचा. मामाच्या हाताला अंग ठाऊक होतं, भट्टीत वाढणाऱ्या तारेतल्या विस्थापनाला ते कोण सांगणार? डावं-उजवं दोन्ही सारखंच शक्य. म्हणजे शंखात जो उलटा लाखमोलाचा, तो इथे निम्म्या तारांत फुकट! टेल्युरियम या मूलद्रव्याच्या स्फटिकांत मात्र रसायनतज्ज्ञांनी वाट काढली आहे: वाढीच्या द्रावणात एकाच हाताचा पेनिसिलामाइनचा रेणू घालायचा, की पारडं एका हाताच्या स्फटिकांकडे झुकतं.