कॅसिनोतील तांत्रिक फसवणूक व तिचे नियंत्रण (गोवा)

कॅसिनोतील यंत्रे, संगणक प्रणाली आणि नोंदी यांत फेरफार करून पैसे लाटण्याचे प्रकार रोखणारी व्यवस्था. गोव्यात हा विषय फार जुना आहे. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनांना परवानगी मिळाली. टेबलावरचे खेळ त्यानंतर आले, तेही फक्त जहाजांवर. मांडवीत तरंगते कॅसिनो उभे राहण्याआधीच इथल्या डावाचा निकाल यंत्रातला प्रोग्रॅम लावू लागला होता.

स्लॉट मशिनचे बटण दाबले की आतला प्रोग्रॅम एक यादृच्छिक आकडा काढतो आणि चित्रे कुठे थांबणार ते त्यावरून ठरते. फिरणारी चाके हा नुसता देखावा. त्यामुळे हा प्रोग्रॅम कोणी बदललेला नाही ना, हे तपासणे सर्वांत महत्त्वाचे. मंजूर प्रोग्रॅमवरून गणिती पद्धतीने एक ‘हॅश’, म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखी खूण, काढून ठेवतात. तपासणीच्या वेळी मशिनमधल्या प्रोग्रॅमची खूण पुन्हा काढून ताडून पाहतात. एक अक्षर जरी बदलले असेल, तरी खूण जुळत नाही.

पण तपासणाराच फितूर झाला तर? अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या जुगार नियंत्रण मंडळात मशिने तपासणाऱ्या रोनाल्ड हॅरिसने नेमके हेच केले. ठरावीक क्रमाने नाणी टाकली की बक्षीस लागावे, असा कोड त्याने मशिनांत घुसवला होता. १९९५ मध्ये तो पकडला गेला. म्हणूनच प्रोग्रॅम लिहिणारा, तो मंजूर करणारा आणि मशिनमध्ये बसवणारा ही माणसे वेगळी हवीत. मशिन उघडताना दोघे हजर हवेत आणि त्याची नोंद अशा ठिकाणी जायला हवी, जिथे त्या दोघांचाही हात पोचणार नाही. चिप (पैशांऐवजी खेळात वापरायच्या चकत्या) देणारा कॅशियर, टेबलावर पत्ते वाटणारा डीलर आणि कॅमेऱ्यांवर नजर ठेवणारा विभाग यांनाही हाच नियम लागू पडतो. पत्ते पिसणारे यंत्रही सुटत नाही: अशा एका यंत्राच्या यूएसबी पोर्टमधून आत शिरून पत्त्यांचा क्रम कळू शकतो, हे २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले.

१ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे दारातच ओळखपत्र पाहावे लागते. मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालीही कॅसिनोंना ग्राहकाची ओळख पटवून नोंदी ठेवाव्या लागतात. ही साठलेली माहितीच चोरांना खुणावते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि प्रणालीचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.

गोव्यात २०२० मध्ये गेमिंग आयुक्ताची, म्हणजे कॅसिनोंवर देखरेख ठेवण्याची, जबाबदारी वाणिज्य कर आयुक्तांकडे सोपवण्यात आली. महसुलाचा हिशेब या खात्याला चांगला जमतो, पण मशिनचा कोड तपासणे हे निराळेच कसब आहे. नेवाडाच्या नियामकाकडे त्यासाठी स्वतःची प्रयोगशाळा आहे.