आवाज कोपऱ्यावरून वळतो, प्रकाश का वळत नाही?

शेजारच्या खोलीत कोणी बोलत असेल आणि मधले दार उघडे असेल, तर बोलणारा दिसत नसला तरी त्याचा आवाज आपल्यापर्यंत येतो. अनुभव इतका सवयीचा आहे की त्याबद्दल सहसा प्रश्नच पडत नाही. पण ध्वनी आणि प्रकाश हे दोन्ही तरंगच असतील, तर एकाला कोपऱ्यावरून वळता यावे आणि दुसऱ्याला येऊ नये, हे कसे? न्यूटनची अडचण नेमकी हीच होती. घंटेचा किंवा तोफेचा आवाज टेकडीआडूनही ऐकू येतो, तारा मात्र ग्रहाच्या आड गेला की दिसेनासा होतो. त्या अर्थी प्रकाश हा तरंग नसावा, असे त्याचे म्हणणे होते. निष्कर्ष चुकला, तरी शंका अगदी रास्त होती, आणि तिचे समाधानकारक उत्तर मिळायला पुढे शतकभर लागले.

ध्वनी आणि प्रकाश यांच्यातले नेहमी सांगितले जाणारे फरक या बाबतीत फारसे उपयोगी पडत नाहीत. ध्वनीत हवेचे कण तरंगाच्या दिशेतच मागेपुढे हलतात, म्हणून तो अनुतरंग. प्रकाशात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे प्रवासाच्या दिशेला काटकोनात बदलत राहतात, म्हणून तो अवतरंग. ध्वनीला माध्यम लागते, प्रकाश निर्वातातूनही जातो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, तर प्रकाशाचा निर्वातातला वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. हे सगळे खरे आहे, पण वळण्याचे कोडे सुटते ते तरंगलांबीने, म्हणजे तरंगाच्या लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधल्या अंतराने.

तरंगाचा वेग म्हणजे त्याची वारंवारता (सेकंदाला किती तरंग, हे हर्ट्झमध्ये मोजतात) आणि तरंगलांबी यांचा गुणाकार. त्यामुळे १०० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची तरंगलांबी साधारण साडेतीन मीटर भरते. माणसाला ऐकू येणारा सगळा पल्ला, म्हणजे २० ते २०,००० हर्ट्झ, घेतला तर ही लांबी १७ मीटरपासून १७ मिलिमीटरपर्यंत जाते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. साधारण ९० सेंटिमीटर रुंदीचे दार खर्जातल्या आवाजाच्या एका तरंगापेक्षा पुष्कळच अरुंद असते. हिरव्या प्रकाशाचे मात्र सोळा लाखांहून अधिक तरंग त्याच रुंदीत ओळीने मावतील.

दार एकच असले तरी दोघांना ते वेगळे का ‘वाटावे’, हे समजायला सतराव्या शतकातला डच शास्त्रज्ञ ह्युगेन्स याची कल्पना कामी येते. फटीतला प्रत्येक बिंदू नव्या छोट्या तरंगांचा उगम आहे, असे तो मानतो. फट तरंगलांबीच्या मानाने अरुंद असेल, तर हे सगळे छोटे तरंग जवळजवळ एकाच तालात निघतात आणि अर्धवर्तुळासारखे चहूकडे पसरतात. फट फार रुंद असेल, तर तिच्या निरनिराळ्या भागांतून तिरकस निघालेले तरंग कमीजास्त अंतर कापून एका ठिकाणी येतात. तिथे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगटात पडतो आणि दोघे एकमेकांना मिटवतात. समोरच्या दिशेला ते मात्र एकमेकांत मिळून बळकट होतात. प्रकाश सरळ जातो तो वळता येत नाही म्हणून नव्हे, तर वळलेला प्रकाश स्वतःलाच जवळजवळ पूर्ण पुसून टाकतो म्हणून. या वळण्याला विवर्तन म्हणतात.

घरात भिंतींवरून परावर्तन होऊनही बराच आवाज येतो, हे इथे मान्य केले पाहिजे. सगळे श्रेय विवर्तनाला देणे बरोबर नाही. तरीही आडोशामागून ऐकताना कोणीतरी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे ते नीट कळत नाही, यात त्याचा हात असतो. स्वरांचा खालचा भाग सहज वळून येतो. ‘स’सारख्या व्यंजनांतली वारंवारता कित्येक हजार हर्ट्झ असल्याने त्यांचे तरंग काही सेंटिमीटरांचेच असतात आणि कोपऱ्यापाशी मागे राहतात.

प्रकाशाचे विवर्तन पाहायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. तर्जनी आणि मधले बोट जवळ आणून त्यांच्यात अगदी बारीक फट ठेवावी, ती एका डोळ्याजवळ धरावी आणि उजेड पडलेल्या पांढऱ्या भिंतीकडे पाहावे. (सूर्याकडे अर्थातच पाहू नये.) फट हळूहळू मिटवत आणली की बोटे टेकण्याआधी क्षणभर त्या फटीत, बोटांना समांतर अशा, काळसर बारीक रेषा उमटतात. जिथे तरंगांनी एकमेकांना मिटवले, तिथे त्या दिसतात.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलने १८१८ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीच्या स्पर्धेसाठी विवर्तनाचे हे गणित मांडले, तेव्हा परीक्षकांपैकी गणितज्ञ पॉयसाँ हा कणवादी, म्हणजे प्रकाश कणांचा बनलेला आहे असे मानणारा होता. त्याने तेच गणित पुढे नेऊन दाखवले की ते खरे मानले, तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यावर उजळ ठिपका पडायला हवा. हे त्याला इतके हास्यास्पद वाटले की सिद्धान्त त्यातच निकालात निघाला, असे त्याने धरले. दुसरा एक परीक्षक आरागो याने प्रयोग करून पाहिला, आणि ठिपका खरोखरच होता. पारितोषिक फ्रेनेलला मिळाले.

तरंगलांबी बदलली की दोघांच्या भूमिकाही बदलतात. वटवाघूळ २०,००० हर्ट्झच्या बऱ्याच वरच्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या किंकाळ्या मारते. त्यांचे तरंग काही मिलिमीटरांचे असल्यामुळे ते किड्याला वळसा घालून निघून न जाता त्याच्यावर आपटून परत येतात. उलट रेडिओलहरी या प्रकाशाच्याच जातीच्या, पण १,००० किलोहर्ट्झला त्यांची लांबी ३०० मीटर भरते, आणि म्हणून टेकडीआडच्या घरातल्या रेडिओवरही प्रसारण ऐकू येते. त्याच घराच्या गच्चीवरच्या, अडीच सेंटिमीटरच्या लहरी पकडणाऱ्या डिश अँटेनाला मात्र उपग्रहाकडे मोकळे आकाश लागते.