ठोके की पावलं?

जानेवारीतल्या एका पहाटे पुणे विद्यापीठाच्या आवारात मी आणि माझी मैत्रीण धावत होतो. थंडी चांगलीच बोचरी होती. वेग असा, की गप्पा अखंड चालू होत्या. तिच्या मुलीची दहावी, सोसायटीतलं पाणी, सगळं बोलून होत होतं. सहज मनगटाकडे पाहिलं तर घड्याळ हृदयाचे ठोके दाखवत होतं मिनिटाला १७४. माझं वय ४७. ‘२२० वजा वय’ या सूत्रानं माझ्या ठोक्यांची कमाल मर्यादा येते १७३. घड्याळ खरं असतं तर माझ्या तोंडून एक शब्द फुटला नसता.

थांबले. मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजले. ३३ आले, म्हणजे मिनिटाला १३२. थांबल्याबरोबर ठोके उतरायला लागतात हे धरलं, तरी १७४ आणि १३२ यांच्यातलं अंतर त्यानं भरून निघत नाही. घरी येऊन त्या धावेचा आलेख उघडला तेव्हा उलगडा झाला. त्या वेळी माझी पावलंही मिनिटाला १७४च पडत होती. घड्याळानं पावलांचा ताल पकडला होता आणि तोच हृदयाचा म्हणून दाखवला होता.

धावणाऱ्या मंडळींना ही चूक ओळखीची आहे. पावलांच्या लयीला ते केडन्स म्हणतात, आणि घड्याळ त्या लयीत अडकलं की ‘केडन्स लॉक’ झाला असं म्हणतात. मला ही चूक फार बोलकी वाटते. तिचा माग काढत गेलं की मनगटावरचं हे यंत्र खरोखर काय मोजतं आणि काय नुसतं ताडतं, ते कळायला लागतं.

घड्याळ काढून पालथं केलं की मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. ते सेकंदाला शेकडो वेळा लागतात आणि विझतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. हृदयाचा ठोका पडला की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत क्षणभर थोडं जास्त रक्त भरतं, जास्त हिरवा प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त ओसरतं आणि परतीचा प्रकाश वाढतो. दिव्याशेजारचा सेन्सर ही चढउतार टिपतो. एकामागून एक येणारे हे चढउतार मोजले की मिनिटाचे ठोके मिळतात.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७ मध्येच हाता-पायांच्या बोटांतला रक्तप्रवाह प्रकाशाच्या मदतीनं टिपून दाखवला होता. दवाखान्यात बोटाला चिमट्यासारखं लावतात ते ऑक्सिमीटर याच कुळातलं, फक्त त्यात लाल आणि अवरक्त प्रकाश असतो. घड्याळ व्यायामात हिरवा वापरतं, कारण तो त्वचेत फार खोल जात नाही. खोल गेला तर स्नायू आणि स्नायुबंधांच्या हालचालीही त्यात मिसळतात.

आपल्याकडे नाडी बघणारे वैद्य मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत तीन बोटं ठेवतात. तिथे धमनी त्वचेच्या अगदी जवळून जाते, बोटाला तिचं उडणं स्पष्ट लागतं. घड्याळ बसतं नेमकं उलट्या बाजूला. तिथे मोठी धमनी नाही, आहेत त्या केसांहून बारीक रक्तवाहिन्या. त्यामुळे हाती येणारा संकेत फार क्षीण असतो. परतलेल्या एकूण प्रकाशात ठोक्यामुळे होणारा फरक जेमतेम शंभरातला एखाद-दोन भाग असतो. उरलेला प्रकाश त्वचेतून जसाच्या तसा परत येत राहतो.

तो एवढासा फरक टिकवायचा आणि वर धावायचंही. पाऊल जमिनीवर आदळलं की हादरा मनगटापर्यंत पोचतो. घड्याळ त्वचेवर किंचित सरकतं, आणि हात पुढे-मागे झुलताना रक्तवाहिन्यांतलं रक्तसुद्धा हिंदकळतं, कळशीतलं पाणी चालताना हिंदकळावं तसं. सेन्सरला हा सगळा चढउतारच दिसतो, आणि तो ठोक्याच्या चढउतारापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो.

यावर उपाय म्हणून घड्याळात हालचाल मोजणारी एक इवलीशी चिप असते, तिला अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणतात. ती सांगते, हात मिनिटाला अमुक वेळा हादरतोय. मग घड्याळातलं गणित प्रकाशाच्या संकेतातून ती लय वजा करतं आणि उरलेली लय हृदयाची मानतं. बहुतेक वेळा हे जमतं. अडचण अशी, की धावणाऱ्याची पावलं बऱ्याचदा मिनिटाला १६० ते १८० पडतात आणि जोरात धावताना ठोकेही त्याच पट्ट्यात येतात. दोन लयी शेजारीशेजारी आल्या, किंवा हृदयाची फारच क्षीण झाली, की गणित चुकीच्या लयीचा हात धरतं. एकदा धरला की मिनिटंच्या मिनिटं सोडत नाही.

त्या दिवशी माझी लय क्षीण का झाली? थंडीमुळे. गार हवेत शरीर हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, म्हणजे आतली ऊब टिकते. रक्तच कमी, मग प्रकाशातला फरकही कमी. भरीला मी पट्टा सैल ठेवला होता, कारण घट्ट पट्ट्याचा वळ उठतो. घड्याळ मनगटाच्या हाडावर नको, त्याच्या बोटभर वर हवं आणि धावताना न सरकेल एवढं घट्ट हवं. थंडीत निघण्याआधी घरातच पाच-दहा मिनिटं अंग तापवलं तर निम्मं काम होतं.

इथे एक शंका रास्त आहे. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही हिरवा प्रकाश शोषतं, मग आपल्या लोकांच्या मनगटावर घड्याळ जास्त चुकत असेल का? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये वेगवेगळ्या वर्णाच्या लोकांवर घड्याळं तपासली. त्यांच्या चाचणीत त्वचेच्या रंगानं लक्षणीय फरक पडला नाही. हालचालीनं मात्र पडला. स्थिर बसल्यापेक्षा हालचालीत चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त होती. गोंदवलेल्या मनगटाची गोष्ट वेगळी. शाई त्वचेच्या आत बसलेली असते आणि प्रकाश अडवते. आज्यांच्या हातावरचं ठसठशीत गोंदण असो की आजचा टॅटू, घड्याळ दुसऱ्या हातात घालणं बरं.

माझी मैत्रीण छातीला पट्टा बांधून धावते. तिच्या पट्ट्यानं त्या दिवशी पावलांची भेसळ केली नाही, कारण तो प्रकाश बघतच नाही. प्रत्येक ठोक्याआधी हृदयात विजेची एक लाट उठते, छातीवर ती व्होल्टच्या साधारण हजाराव्या भागाएवढी भरते, आणि पट्टा तीच टिपतो. हेच हृदयालेखाचं, म्हणजे ईसीजीचं तत्त्व. ते यंत्र बनवल्याबद्दल नेदरलँड्सचे विलेम आइंटहोवन यांना १९२४ चं नोबेल मिळालं. त्यांचं यंत्र सुमारे २७० किलोंचं होतं आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे, कारण कोरडी त्वचा वीज नीट वाहू देत नाही. छातीचा पट्टा आधी ओला करून घालतात त्याचं कारण हेच. पुढे घाम येतो आणि मिठाच्या पाण्याची सोय शरीरच करतं. ज्यांना वेगानं पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं असे व्यायाम करायचे आहेत, त्यांनी पट्टा घ्यावा असं मी आग्रहानं सांगेन. अशा झटक्यांत मनगटावरचा आकडा मागे पडतो. तुम्ही थांबलेले असता आणि तो अजून चढत असतो.

केडन्स लॉकचं खरं नुकसान नंतर दिसतं. त्या सकाळी घड्याळानं माझी निवांत धाव सर्वांत कठीण झोनमध्ये (ठोक्यांवरून पाडलेले कष्टाचे रंगीत पट्टे म्हणजे झोन) टाकली, कॅलरी वाढवून सांगितल्या, माझी तंदुरुस्ती घसरल्याचं जाहीर केलं आणि दोन दिवसांहून जास्त विश्रांती घ्यायला सांगितलं. इमारतीच्या पायातला एक दगड हलला आणि वरचे मजले एकापाठोपाठ एक कलले.

कारण वरचे सगळे मजले ठोक्यांवर उभे आहेत. आणि ते मजले ताडलेले आहेत, मोजलेले नाहीत. झोन घ्या. २२० वजा वय हे सूत्र १९७१ मध्ये आधीच्या काही अभ्यासांतल्या ठिपक्यांमधून ओढलेल्या एका रेषेवरून आलं. २००१ मध्ये तनाका या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास एकत्र करून दुसरं सूत्र दिलं: वयाला ०.७ नं गुणायचं आणि ते २०८ मधून वजा करायचं. साठीच्या माणसासाठी पहिलं सूत्र १६० सांगतं, दुसरं १६६. पण ही सरासरी झाली. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांच्या कमाल ठोक्यांत २० चा फरक सहज असतो. म्हणून हलक्या व्यायामाची हद्द ठरवायला मी अजूनही बोलण्याचीच कसोटी लावते. धावता धावता दोन-तीन वाक्यं सलग बोलता येत असतील तर झोन ठीक आहे, पडदा कोणत्याही रंगाचा असो. आणि छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर पडद्यावरचा आकडा कितीही सौम्य दिसला तरी तिथेच थांबून मदत मागायची.

कॅलरींचं तर आणखी कठीण. खर्च झालेली ऊर्जा नीट मोजायची तर तोंडावर मुखवटा लावून, श्वासातला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. घड्याळ वय, वजन, उंची, लिंग आणि ठोके यांवरून अंदाज बांधतं. स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये मनगटावरची ७ उपकरणं ६० स्वयंसेवकांवर तपासली. ठोक्यांच्या बाबतीत ७ पैकी ६ उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, ही चांगलीच कामगिरी. कॅलरींमध्ये मात्र सर्वांत बरं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. म्हणजे खरोखर ५०० कॅलरी खर्च झाल्या तर घड्याळ ३६५ म्हणेल किंवा ६३५ म्हणेल, आणि हे उत्तम उपकरणाचं बोलणं. त्या आकड्याच्या भरवशावर खाण्याचा हिशेब मांडणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं; मेहनत खरी असते आणि वजन मात्र हलत नाही. त्यात आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, कारण शरीर गार ठेवायला रक्त त्वचेकडे पाठवावं लागतं आणि घामानं रक्तातलं पाणी कमी होतं. घड्याळाला वाटतं, कष्ट वाढले.

व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, याचीही तीच कथा. १९२० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी पाठीवर पिशवी बांधून, मैदानात धावता धावता उच्छ्वास गोळा करून याचा अभ्यास केला. धावणाऱ्यांत ते स्वतःही होते. घड्याळ फक्त एवढं बघतं, की अमुक वेगाला अमुक ठोके. ठोके चुकले तर हेही चुकलं.

अंतर आणि उंची यांचा पाया वेगळा, म्हणून त्या ठोक्यांबरोबर कोसळत नाहीत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून वेळेचे संदेश पाठवतात आणि संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ आपली जागा काढतं. उंच इमारतींमध्ये संदेश काचांवर आपटून वळसा घेऊन येतो आणि नकाशावर आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यातून धावल्यासारखे दिसतो. उंचीसाठी बऱ्याच घड्याळांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दर आठ-नऊ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलनं उतरतो. सिंहगडाच्या पायवाटेवर हा सेन्सर माझ्या फार आवडीचा आहे, झाडी-कड्यांनी आभाळ अडवलं तरी तो चढ मोजत राहतो. वळवाचा पाऊस येण्याआधी दाब बदलतो, तेव्हा मात्र बसल्या जागी चार मजले चढल्याची नोंद होते.

सूर्यनमस्कार आणि जोर यांच्यापुढे घड्याळ हतबल आहे. तळहात जमिनीवर टेकला की मनगट पूर्ण वळतं, घड्याळ त्वचेवरून उचललं जातं किंवा रुततं, तिथला रक्तप्रवाहही बदलतो. वजन मुठीत घट्ट धरलं की तेच. अशा व्यायामाची नोंद मी साध्या वहीत ठेवते: किती आवर्तनं, किती वजन.

मग घड्याळ सर्वांत खरं कधी बोलतं? हात निश्चल असतो तेव्हा. झोपेत हादरे नाहीत, पांघरुणाखाली मनगट उबदार, क्षीण संकेतही स्वच्छ येतो. व्यायामासाठी घेतलेल्या या यंत्राचा मला सर्वांत उपयोगी पडलेला आकडा व्यायाम नसतानाचा आहे: विश्रांतीतले ठोके. एका रात्रीच्या आकड्याला अर्थ नसतो, आठवड्यांच्या रेषेला असतो. नियमित धावायला लागल्यावर माझी रेषा काही महिन्यांत ६४ वरून ५७ पर्यंत उतरली, कारण हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकलं. अपुरी झोप, ताप, अति व्यायाम यांनी ती वर सरकते.

फेब्रुवारीत ती सलग तीन सकाळी ६४ च्या आसपास होती. अंगात काहीच जाणवत नव्हतं. मैत्रिणीला कळवलं, उद्या येत नाही. चौथ्या दिवशी घसा धरला आणि ताप आला. नवव्या सकाळी आकडा ५७ वर आला. मी घरातच दहा मिनिटं अंग तापवलं, पट्टा एक भोक पुढे ओढला आणि बाहेर पडले.