चित्रकार सिकर्ट आणि ‘जॅक द रिपर’: एक खुलासा

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरणारा दावा असा: १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये बायकांना मारणारा ‘जॅक द रिपर’ म्हणजे देखणा, बोलघेवडा चित्रकार वॉल्टर सिकर्ट, डीएनएने सिद्ध झालंय.

सिद्ध काहीच झालेलं नाही. आधी तारखा बघा. रिपरचे मानले जाणारे पाच खून ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबरमधले. दुसरा ८ सप्टेंबरचा. ६ तारखेच्या आईच्या पत्रात सिकर्ट फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोहतोय, चित्रं काढतोय. १६ तारखेच्या सुमारासही तो तिकडेच होता.

डीएनए मायटोकाँड्रियल, म्हणजे फक्त आईकडून येणारा. तो असंख्य लोकांत सारखाच सापडतो. बेळगावात नुसत्या ‘पाटील’ आडनावावरून माणूस हुडकण्यातला प्रकार. त्यातून एखाद्याला वगळता येतं, पक्की ओळख पटत नाही. शिवाय सिकर्टचं दहन झालं, त्यामुळे जुळवायला त्याचा खात्रीचा नमुना नाही. आणि तपासली ती रिपरच्या नावाने आलेली पत्रं, बहुतेक खोडसाळांची. एखादं सिकर्टने लिहिलं असलंच, तर तोही खोडसाळच ठरतो.

राहिली पुरावा म्हणून दाखवली जाणारी सिकर्टची चित्रं. त्यातल्या मालिकेचं ‘कॅम्डन टाऊन मर्डर’ हे नाव १९०७ च्या वेगळ्याच खुनावरून आलं. त्यातल्या एका चित्राचं दुसरं नाव ‘भाड्याचं काय करायचं?’ (मग घरमालकालाही यानेच मारलं म्हणायचं?)