कॉट बेसिस (साताऱ्यातील विद्यार्थी भाडे-निवास)

कॉट बेसिस : घर किंवा पूर्ण खोली न घेता खोलीतली एक खाट, कपाटाचा एक कप्पा आणि पाणी, संडास-बाथरूम यांचा सामाईक वापर एवढेच महिन्याच्या भाड्याने घेण्याची पद्धत. पश्चिम महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या गावांत ती चांगली रुळली आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की साताऱ्यात सदर बझार, गोडोली, शाहूपुरी या भागांत ‘कॉट बेसिसवर रूम मिळेल, फक्त मुलींसाठी’ अशा पाट्या फाटकांवर दिसू लागतात. पाटणच्या डोंगरातल्या किंवा माण-खटावच्या टोकाच्या गावातून रोज एसटीने ये-जा करून प्रॅक्टिकलची वेळ गाठता येत नाही. तिथल्या मुलांसाठी खाट मिळाली तरच कॉलेज, अशी स्थिती असते. हाच व्यवहार एखादी कंपनी इमारतीच्या इमारती बांधून किंवा चालवायला घेऊन करते, तेव्हा त्याला विद्यार्थी निवास व्यवस्थापन म्हणतात.

साताऱ्यात विद्यार्थ्याच्या निवाऱ्याचा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर हाती घेतला तो कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. कऱ्हाडजवळच्या काले गावी १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तिथे सगळ्या जातींची मुले एका छताखाली राहत, एकाच पंगतीत जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत. मुलांच्या जेवणाची ददात पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. निवारा ही शिक्षणाची पहिली पायरी आहे, शाळा त्यानंतर येते, हे या बोर्डिंगने जिल्ह्याला दाखवून दिले. आजही मुलाला खोली बघायला आलेला बाप आधी जेवणाचे काय, एवढेच विचारतो.

वसतिगृहांतल्या जागा पुरेनाशा झाल्या आणि घरमालक पुढे आले. वरच्या मजल्यावर दोन खोल्या चढवायच्या, प्रत्येकीत तीन लोखंडी खाटा टाकायच्या, जिन्याखाली विजेचा सबमीटर बसवायचा, की झाले. सबमीटरचा आकडा महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत उतरवतात आणि आलेली रक्कम खाटांच्या संख्येने भागतात. मुलगी सुट्टीला गावी गेली तरी तिचा वाटा धरायचा की नाही, यावरून दरवर्षी वाद होतात. जेवणाला मेस नाहीतर डबा. घरमालकीण खालीच राहत असेल तर रात्री कोण किती वाजता आले हे तिला ठाऊक असते. मुलींना त्याचा जाच होतो आणि त्यांच्या आईवडिलांना आधार वाटतो. ताप आला तर दवाखान्यात नेणारीही बहुतेक वेळा तीच असते. कॉट बेसिसमध्ये भाडे खाटेचे दिले जाते, पण खरी किंमत असते ती अडीअडचणीला दार वाजवता येईल अशा माणसाची. कंपनीच्या व्यवस्थेचीही पारख याच कसोटीवर करावी.

कंपनीचा हिशेब वेगळा असतो. नेहमीचा बिल्डर फ्लॅट विकतो आणि निघून जातो. भाड्यावर चालणाऱ्या कंपनीला मात्र तिथेच राहावे लागते. गळका पाइप, बंद पडलेला गिझर, पाण्याचा टँकर हा तिचाच खर्च असल्यामुळे टिकाऊ बांधण्यात तिचा फायदा असतो. काही कंपन्या स्वतः बांधतात. काही तयार इमारत मालकाकडून दीर्घ मुदतीने घेतात, मालकाला ठरलेली रक्कम देतात आणि खाटनिहाय भाडे गोळा करतात. दोन्हींतला फरक ही त्यांची कमाई, आणि रिकामी खाट हा सरळ तोटा. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल येथे १९९१ मध्ये सुरू झालेली युनाइट आणि अमेरिकेतली अमेरिकन कॅम्पस कम्युनिटीज (१९९३) ही या धंद्यातली मोठी नावे. दुसरी कंपनी २०२२ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेली स्टँझा लिव्हिंग अशाच पद्धतीने चालते. साताऱ्यातला व्यवहार अजून बहुतांशी घरमालकांच्याच हातात आहे. इथे २०२१ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांत नवी भर पडली आहे.

कायद्याची बाजू विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार (जागा ठरावीक मुदतीसाठी वापरायची फक्त परवानगी देणारा) लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते आणि ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. डिपॉझिट अडवले गेलेल्या मुलाच्या बाजूने ही तरतूद उभी राहते, पण ती माहीत असलेली मुले फार थोडी. ११ महिन्यांचा करार ही जुनी सवय आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीला नोंदणी लागत नसे, तेव्हापासून ती चालत आली. महाराष्ट्रात आता मुदत कितीही असो, नोंदणी लागतेच. उलट बाजूने, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला कलम २४ नुसार ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करापुरते सांगायचे तर, जुलै २०२४ पासून माणशी दरमहा २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामाला वस्तू व सेवा कर माफ आहे.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तिची रक्कम वर्षाला ४३,००० रुपये ठरवण्यात आली : भोजनाला २५,०००, निवासाला १२,००० आणि निर्वाहाला ६,०००. म्हणजे खोलीसाठी महिन्याला १,००० रुपये. कंपनीच्या सजवलेल्या खोलीपर्यंत हा आकडा पोचत नाही. म्हणून दोन मुले दोन खाटांचे भाडे भरून तिसऱ्याला खाली गादी टाकून देतात आणि घरमालकीणही ते पाहून न पाहिल्यासारखे करते.